तापीपासून खंबातच्या आखातापर्यंत : मासे टिकवण्याबद्दल खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. तरीही आठवडे बाजारात सुकट-बोंबलाची पाटी असतेच, आणि इथलं पाणी तापीतून शेवटी समुद्रालाच मिळतं. पुढचे प्रश्न मच्छीमार सहकारी संस्थांचे सभासद, धरणाकाठचे शेतकरी आणि बाजारातून मासे घेणारी मंडळी विचारतात.

समुद्रातले मासे कमी होण्याशी खानदेशाचा काय संबंध?

तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतजवळ खंबातच्या आखाताला मिळते. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, अनेर, गोमाई या नद्यांचं पाणी तिच्यातच येतं. पावसाळ्यातल्या पुराबरोबर गाळ आणि त्यातली पोषणद्रव्यं खाडीत पोचतात. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यावर जवळा आणि बारीक मासळी, आणि त्यावर मोठे मासे.

काही मासे तर नदी आणि समुद्र दोन्ही वापरतात. पाला, म्हणजे हिलसा, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत चढतो. अहिर उलटं करतो : गोड्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला समुद्रात जातो. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीची मादी खाडीकडे उतरते, कारण तिची पिल्लं मचूळ पाण्याशिवाय जगत नाहीत. गुजरातेत तापीवर १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाई धरणाची भिंत यातल्या कुणालाही चढून ओलांडता येत नाही. धरणामुळे सिंचन आलं, वीज आली, पुराला आळा बसला, हे खरं आहे. पण मासळीच्या हिशेबात हा मोठा तोटा आहे आणि तो मांडल्याशिवाय बाकीचं बोलणं अपुरं राहतं.

‘शाश्वत मासेमारी’ म्हणजे नेमकं काय?

मासा एकदा तरी अंडी घालून झाल्यावर पकडणं, आणि वर्षाला जेवढी वाढ होते तेवढीच काढणं. बियाण्याची ज्वारी कुणी दळून खात नाही, तसंच आहे हे.

धरणात कोणत्या आसाचं जाळं वापरावं?

आस म्हणजे जाळ्याचं एक भोक. कटला, रोहू, मृगळ यांच्यासाठी तरत्या जाळ्याचा ताणलेला आस १०० मिलिमीटरच्या खाली नसावा. अडचण मापाची आहे. दुकानदार कधी एका बाजूची लांबी सांगतो, कधी ताणलेली, आणि त्यात दुपटीचा फरक पडतो. ५० मिलिमीटर बाजूचा आस ताणला की १०० होतो. म्हणून स्वतः मोजा : जाळं ओलं करा, एका ओळीतले १० आस सरळ ताणून धरा, पहिल्या गाठीपासून शेवटच्या गाठीपर्यंत पट्टी लावा आणि १० ने भागा. एकच आस मोजू नका, कारण गाठी सरकलेल्या असतात.

दुसरी चूक जाळं दोरीला भरताना होते. १०० मीटर ताणलेलं जाळं ५० मीटर दोरीवर भरलं तर आस नीट उघडा राहतो आणि मासा कल्ल्यापाशी अडकतो. तेच जाळं ३०–३५ मीटरवर गच्च भरलं तर ते ढिलं लोंबतं, मासे त्यात गुरफटतात, आणि मोठ्या आसाच्या जाळ्यातही लहान मासे येऊ लागतात. ‘मोठा आस वापरूनही बारीक मासाच येतो’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथे असतं.

बारीक मासळीसाठी लहान आसाचं जाळं लागतंच. ते बंद करा असं आमचं म्हणणं नाही, कारण ती मासळी गरिबाच्या ताटातली आहे. पण बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडल्यानंतर निदान तीन-चार महिने, आणि बोटुकली सोडलेल्या काठाला, ते लावू नये. आणि हरवलेलं जाळं शोधून काढाच. एकतारी नायलॉनचं जाळं कुजत नाही, तळाशी पडून वर्षानुवर्षं मासे मारत राहतं.

आम्ही दरवर्षी बीज सोडतो, तरी मासा का मिळत नाही?

बहुतेक वेळा सोडलेला माल फार लहान असतो. नुकतंच फुटलेलं ते मत्स्यजिरे, साधारण ६–८ मिलिमीटर. २०–३० मिलिमीटरचं ते मत्स्यबीज. त्याच्या पुढे ८०–१०० मिलिमीटरपर्यंत वाढलेली ती बोटुकली. मरळ, शिवडा, शिंगाडा असे शिकारी मासे असलेल्या धरणात २५ मिलिमीटरचं बीज सोडणं म्हणजे त्यांना चारा घालणं आहे. जिरे स्वस्त पडतं, पावतीवर आकडा मोठा दिसतो, आणि दोन वर्षांनी जाळ्यात काही येत नाही.

हिशेब करून पाहा. जलक्षेत्र ४०० हेक्टर, हेक्टरी ७५ किलो उत्पादन हवं, मासा सरासरी १ किलोचा झाल्यावर काढायचा. बोटुकलीपैकी ४० टक्के जगतात असं धरलं तर हेक्टरी सुमारे १९० लागतील, म्हणजे एकूण ७५ हजार. बारीक बीज घेतलं आणि ५ टक्केच जगलं, तर तेवढ्याच माशांसाठी ६ लाख लागतील. जलक्षेत्र धरताना पूर्ण भरलेल्या धरणाचा आकडा घेऊ नका. पूर्ण संचय आणि उन्हाळ्यातला नीचांक यांची सरासरी घ्या, नाहीतर बीज जास्त होऊन मासा वाढतच नाही.

प्रमाण कटला ४०, रोहू ३०, मृगळ ३० असं साधारण ठेवा, कारण कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. सांडवा वाहून थांबल्यावर, ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरात, सोडा. आधी सोडलं तर अर्धी बोटुकली सांडव्यावरून खाली जाते.

वाहतुकीआधी एक दिवस खाद्य बंद ठेवावं. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग प्राणवायू. धरणावर पोचल्यावर पिशवी न उघडता १५–२० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग तोंड सोडून धरणाचं पाणी थोडंथोडं आत घ्या, आणि मासे आपणहून बाहेर जाऊ द्या. तापलेल्या गाडीतून आणलेली पिशवी थेट ओतली की बोटुकली तापमानाच्या धक्क्यानं मरते. ती तळाशी जाते, म्हणून दिसतही नाही. सकाळी लवकर सोडणं उत्तम.

पैसे वाचवायचे असतील तर बीज स्वस्तात घ्या, पण दोन-तीन महिने काठावरच्या तळ्यात किंवा धरणाच्या उथळ कडेला जाळीच्या कुंपणात वाढवून मग सोडा.

पहिल्या पुरात बंधाऱ्याखाली चढणीचे मासे पकडले तर काय बिघडतं? पूर्वीपासून पकडतातच की.

कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना नवं, वाहतं, गढूळ पाणी लागतं. म्हणून जून-जुलैच्या पहिल्या लोंढ्याला ते वर चढतात. पूर्वी ते पसरत पसरत पुढे जायचे. आता सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथल्या बॅरेजच्या दारांखाली अडतात आणि एका जागी गर्दी करतात. जिथे पूर्वी एका टोपलीत दोन मासे यायचे तिथे आता एका रात्रीत अख्खी पिढी उचलली जाते. अंड्यावरची एक किलोची मादी साधारण लाखावर अंडी बाळगून असते. गाभोळी चवीला कितीही चांगली असली तरी त्या दोन महिन्यांत भिंतीपासून काही अंतर जाळं न लावणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. बीज विकत घ्यावं लागत नाही, गाडी लागत नाही.

संस्थेनं ठराव करून हे अंतर ठरवावं आणि तिथे रंगवलेले दगड लावावेत. तोंडी ठरलेली हद्द पहिल्याच पुरात विसरली जाते.

मे महिन्यात धरण आटतं, मासे मरतातच. मग सगळे काढून घेतलेले बरे ना?

सगळे नाही. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो : २० अंशाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात. त्यात पाणी उथळ, खाली कुजणारा गाळ, रात्री शेवाळंही प्राणवायू वापरतं. म्हणून मासे पहाटे वर येऊन तोंड उघडतात. प्राणवायू ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला की मोठा मासा आधी कोसळतो.

मार्चपासूनच विक्रीचा मासा काढायला लागा, म्हणजे उरलेल्यांना पाणी पुरतं. मृतसाठ्यातल्या, म्हणजे दारांतून बाहेर न निघणाऱ्या तळच्या पाण्यातल्या, सर्वांत खोल डोहाला मात्र हात लावू नका. तिथले मोठे मासे पुढच्या पावसाचे जनक आहेत. गाळ काढण्याचं काम निघालं तर हा डोह उकरून सपाट होऊ देऊ नका, उलट तो आणखी खोल करून मागा.

करंट लावून किंवा औषध टाकून पकडणाऱ्यांचं काय करायचं?

पाण्यात स्फोटकं किंवा विष वापरून मासे मारणं १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. बॅटरीचा करंट माणसालाही मारतो, आणि त्यानं आसाचा प्रश्नच उरत नाही, बोटाएवढ्या पिल्लापासून सगळं मरतं. संस्थेनं लेखी तक्रार पोलिसांकडे आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे अशी दोन्हीकडे द्यावी आणि पोच घ्यावी. मेलेले मासे बर्फात ठेवा, पाण्याचा नमुना स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्या. कीटकनाशकाचा तपास दोन दिवसांनी होत नाही.

टिलापिया आणि मांगूर वाढवावेत का?

विदेशी मांगूर, ज्याला थाई मांगूर म्हणतात, त्यावर देशात बंदी आहे. तो मांसभक्षक आहे, हवेतूनही श्वास घेतो, आणि शेततळं भरून वाहिलं की ओल्या जमिनीवरून सरपटत नाल्यात जातो. एकदा नाल्यात गेला की परत काढता येत नाही. टिलापियाला परवाना लागतो. साधा टिलापिया काही महिन्यांतच अंडी घालू लागतो, तळं बोटभर माशांनी भरतं आणि कुणीच वाढत नाही. नाल्याच्या वरच्या अंगाला शेततळं असेल तर कार्पच, म्हणजे कटला, रोहू, मृगळ, ठेवा.

जून-जुलैत समुद्रात बंदी असते, तरी जळगाव-धुळ्यात पापलेट कुठून येतात?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची यांत्रिक मासेमारीला बंदी असते. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून, म्हणजे जूनच्या मध्यानंतर तिकडच्या बोटी सुरू झालेल्या असतात. त्यामुळे त्या काळातला मासा तिकडचा असू शकतो, शीतगृहातला असू शकतो, किंवा यंत्र नसलेल्या होडीनं पकडलेला असू शकतो. तो बेकायदेशीरच असेल असं नाही, पण ‘आजच मुंबईहून आला, ताजा आहे’ असं विक्रेता जुलैच्या पहिल्या आठवड्यात सांगत असेल तर विचारा. या दोन महिन्यांत गिरणा, हतनूर, उकाईच्या मागच्या पाण्यातही मासे अंड्यावर असतात, तेव्हा शेततळ्यात वाढवलेला मासा घेणं सगळ्यात चांगलं.

बाजारात मासा घेताना आकार किती पाहावा?

महाराष्ट्रानं २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला. पापलेट १३५ मिलिमीटर, हलवा १७०, बोंबील १८०, सुरमई ३७०. त्याच वर्षी पापलेट राज्याचा मासा म्हणून जाहीर झाला. कायद्याचं माप ही तळातली रेघ आहे. १३५ मिलिमीटर म्हणजे जेमतेम सव्वापाच इंच, आणि इतकी पापलेट अजून पुरती वयात आलेली नसते. आमचं मत स्पष्ट आहे : तळहातात मावणारी पापलेट कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. पाटीत सगळ्याच बारक्या असतील तर विक्रेत्याला कारण सांगून परत जा. मागणी नाही हे त्याच्याकडून बंदरापर्यंत पोचतं.

मुशी शक्यतो टाळा. मुशी म्हणजे लहान शार्क. ती उशिरा वयात येते आणि मोजकी पिल्लं देते, लाखो अंडी नाहीत. एकदा साठा घटला की सावरायला खूप वर्षं लागतात. बांगडा, तारली, बोंबील लवकर वाढतात, त्यांचा आकार बरोबर असेल तर निःसंकोच घ्या.

ट्रॉलर (यंत्रानं जाळं ओढत नेणाऱ्या बोटी) सगळं खरवडून नेतात. त्यावर काही उपाय आहे की नाही?

आहे, आणि तो जाळ्याच्या शेवटच्या भागात, खोल्यात आहे. साधा आस शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो. माल भरून ओढ बसली की तो मिटतो आणि पिल्लंही बाहेर पडू शकत नाहीत. चौकोनी आस ओढ बसली तरी उघडा राहतो. म्हणून खोल्याला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस सुचवला जातो. ओढणाऱ्या बोटीला त्यानं डिझेलही थोडं कमी लागतं, कारण पाणी अडत नाही. एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून पकडण्यावर केंद्रानं २०१७ मध्येच बंदी घातली. कायदे पुरेसे आहेत, समुद्रात जाऊन तपासणारे हात अपुरे आहेत.

कोंबडीच्या खाद्याचा समुद्राशी संबंध असतो म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे, आणि नवापूरसारख्या पोल्ट्रीच्या गावानं तो जरूर समजून घ्यावा. एक किलो मासळीची भुकटी करायला साधारण ४ ते ५ किलो ओला मासा लागतो. त्यात तारलीसारखे बारीक मासे असतात, तसंच ट्रॉलरच्या खोल्यातून आलेली पापलेट, सुरमई, ढोम्याची पिल्लंही असतात, ज्यांना बंदरावर कुटीचा, म्हणजे भुकटीसाठी जाणाऱ्या बारीक मासळीचा, भाव मिळतो. कुटीला गिऱ्हाईक आहे म्हणून पिल्लं पकडणं परवडतं.

खाद्यात मासळी असेल तर पुरवठादाराला विचारा. सोयापेंड घेऊन लायसिन आणि मिथिओनिन ही अमिनो आम्लं वेगळी घातली की ब्रॉयलरचं भागतं. मत्स्यपालकांनीही कार्पला शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा पुरतो हे लक्षात ठेवावं. महागडी मासळी-भुकटी असलेली गोळी कार्पसाठी लागत नाही.

केळी-कापसाच्या शेतातून नदीला काय जातं?

तीन गोष्टी. पहिली, युरिया. भर पावसाआधी फेकलेला युरिया ओढ्यात जातो, हतनूरच्या उथळ पाण्यात शेवाळं माजतं आणि ते कुजताना प्राणवायू खातं. ठिबकमधून थोडाथोडा दिला तर झाड जास्त घेतं. दुसरी, कीटकनाशकं. सायपरमेथ्रिनसारखी औषधं माशांना अगदी थोड्या प्रमाणातही मारक असतात. फवारणीचा पंप नदीत धुणं ही सगळ्यात वाईट सवय. पंप तीनदा विसळून ते पाणी शेतातच फवारा, आणि नाल्याकाठी निदान १० मीटर पट्टा न फवारता सोडा.

तिसरी, प्लॅस्टिक. रावेर-यावलकडे केळीच्या घडाला घातलेल्या स्कर्टिंग बॅगा, मल्चिंग पेपर, ठिबकच्या जुन्या नळ्या. घड कापताना बॅग बांधावर टाकली की पुराबरोबर ती तापीत जाते. उन्हानं तिचे तुकडे होतात, नाहीशी होत नाही. कापणीच्या मजुराकडे गोणी द्या आणि बॅगा मोजून परत घ्या. बांधावर पडलेली एकेक वेचायला नंतर कुणी येत नाही.

समुद्राचं भविष्य खरंच इतकं वाईट आहे का?

मिश्र आहे. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०२४ च्या अहवालात २०२१ साली तपासलेल्या साठ्यांपैकी ६२.३ टक्केच टिकेल अशा पातळीवर होते. उरलेल्यांतून झेपेल त्यापेक्षा जास्त काढलं जात होतं. २०२२ मध्ये पहिल्यांदाच जगात पकडलेल्यापेक्षा वाढवलेले जलचर जास्त झाले. म्हणूनच शेततळं आणि धरण यांना महत्त्व आहे.

उष्णतेचा प्रश्न मात्र जाळ्यानं सुटत नाही. हवामानबदलानं साठलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्रानं घेतली आहे. मासे थंड, खोल पाण्याकडे सरकतात, लहान होडीवाल्याला लांब जावं लागतं. आधीच थकलेला साठा ही उष्णता सोसू शकत नाही, अंडी घालणारे मोठे मासे भरपूर असलेला साठा बराच सोसतो. पकडीवरचं नियंत्रण म्हणूनच आज जास्त गरजेचं झालं आहे.

टिकाऊ मासेमारीचं प्रमाणपत्र असलेला मासा इथे मिळतो का?

आपल्या बाजारात जवळजवळ नाही. भारतात असं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र पहिल्यांदा २०१४ मध्ये केरळच्या अष्टमुडी तलावातल्या शिंपल्यांना मिळालं. इथे जात, आकार आणि महिना या तीन गोष्टी पाहणं हेच आपलं प्रमाणपत्र.

उन्हाळ्यात निम्मा माल खराब होतो. बर्फ किती घालावा?

एक किलो माशाला एक किलो बर्फ, आणि भुसावळच्या मे महिन्यात त्याहून जास्त. खराब झालेला मासाही साठ्यातून गेलेलाच असतो, म्हणून हा प्रश्न मासेमारीचाच आहे. पेटीत खाली ५ सेंटिमीटर बर्फाचा चुरा, मग माशांचा एक थर, मग बर्फ, असं भरत जा. मोठे खडे घालू नका, ते माशाला चिकटत नाहीत आणि माशाचं अंग दाबलं जातं. तळाशी भोक ठेवा, कारण वितळलेल्या घाण पाण्यात भिजलेला मासा आधी सडतो. ओलं गोणपाट हा बर्फाला पर्याय नाही.

जाळं संध्याकाळी लावा आणि उजाडताच उचला. सकाळी दहाला उचललेल्या जाळ्यातला मासा कोमट पाण्यात कित्येक तास मेलेला असतो. त्याला नंतर कितीही बर्फ घाला, भाव येत नाही.

धरणातला मासा कमी होतोय की नाही हे कसं ओळखायचं?

एकूण किलोवरून कळत नाही. जाळी वाढवली की किलो काही काळ तेवढेच राहतात आणि सगळ्यांना बरं वाटतं. म्हणून वहीत रोज चार रकाने लिहा : तारीख, किती जाळी आणि कोणत्या आसाची, किती तास पाण्यात होती, जातवार किती किलो. २० जाळ्यांत ३० किलो म्हणजे जाळ्यामागे दीड किलो. पुढच्या वर्षी ४० जाळ्यांत तेच ३० किलो आले, तर पाऊण किलो झालं, साठा घटला.

महिन्यातून एकदा ५० कटल्यांची लांबी मोजा. निवडून नाही, पाटीत वरून येतील तसे घ्या. लांबी दरवर्षी कमी होत असेल तर आस लहान झालाय किंवा मोठे मासे संपत आलेत. वही सचिवाच्या घरी न ठेवता धरणावरच्या खोलीत ठेवा आणि मासे वजनकाट्यावर असतानाच लिहा. संध्याकाळी आठवून लिहिलेले आकडे सगळे गोल असतात.